अनपेक्षितता की स्मरणभार?

बेळगावात भाषाविज्ञानाच्या प्रबंधाला बसलेली पोरगी अडलीय: वाक्य समजण्याचं संगणकीय मॉडेल हेल (२००१)-लेव्ही (२००८) यांचं अनपेक्षिततेचं (पुढचा शब्द जितका अनपेक्षित, तितकं वाचन मंद) घ्यावं, की गिब्सनचं (२०००) स्मरणभाराचं (एकमेकांशी जोडलेले शब्द जितके लांब, तितका स्मरणावर भार)?

सामग्री बघा. पहिल्याला ढीगभर मजकूर लागतो; खानापूर-निपाणीकडची बोली एवढी लिहिलीय कोणी? दुसऱ्याला थोडी वाक्यं पुरतात, पण विश्लेषण हातानं. कंटाळवाणं काम!

खरी कसोटी शेवटी येणारं क्रियापद. ‘पोरानं काल बाजारात...’ इथं ‘नं’ ऐकताच सकर्मक क्रियापदाची चाहूल लागते. स्मरणभारानुसार कर्ता आणि क्रियापद यांमधलं अंतर वाढलं की वाचन मंदावावं. हिंदीत वसिष्ठ-लुईस (२००६) यांना काही रचनांत उलट, वेग वाढलेला दिसला. मधल्या शब्दांनी क्रियापदाचा अंदाज पक्का होतो, म्हणून इथं अनपेक्षितता सरस.

प्रमाण मराठीवर काम असेल तर पहिलं. वाक्यात वाक्य अडकलेल्या रचना किंवा बोली असेल तर दुसरं.