व्हिडिओ व्याख्यान की हाताळता येणारा प्रयोग?

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात विज्ञान शिकवताना ऑनलाइन साहित्याच्या दोन वाटा समोर येतात: व्हिडिओ व्याख्यान आणि पडद्यावर विद्यार्थ्याला स्वतः हाताळता येणारा आभासी प्रयोग.

व्हिडिओची सोय मोठी आहे. एकदा मोबाइलवर उतरवून घेतला, की वीज गेली तरी पाहता येतो. मात्र पाहणारे मूल पेंगले तरी तो थांबत नाही.

मिशेलिन ची आणि रूथ वायली या शिक्षण-संशोधकांनी 2014 मध्ये शिकणाऱ्याच्या सहभागाच्या चार पायऱ्या मांडल्या: नुसते ग्रहण, कृती, स्वतःची मांडणी आणि परस्परसंवाद. पायरी जितकी वरची, तितके शिकणे सखोल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नुसता पाहिलेला व्हिडिओ पहिल्याच पायरीवर राहतो.

नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ (PhET) या आभासी प्रयोगांच्या ऑनलाइन संग्रहातील विद्युत परिपथाचा प्रयोग पाहा. बल्ब वगळून बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली, की पडद्यावर ज्वाळा उठतात. माझ्या वर्गात पोरे आधी हसली, मग एकाने विचारले, “सर, आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज असाच उडतो का?” असा प्रश्न व्हिडिओनंतर मी क्वचितच ऐकला आहे.

अर्थात, नुसती बटणे दाबत बसणे ही दुसरीच पायरी होय. एका संगणकाभोवती तिघे बसून वाद घालतात, तेव्हाच चौथी गाठली जाते; त्यामुळे संगणक कमी असणे ही आमची अडचण इथे, गंमत म्हणजे, पथ्यावरच पडते.