डोळ्यांसमोरचे ठिपके आणि माझे ५४,१९९ रुपये

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते आणि ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून "इतकी शिकलेली बाई फसली कशी" असे कोणीतरी विचारणारच, आणि तो प्रश्न मी स्वतःला पुरेसा विचारून झालेला आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका पुस्तकाची दुसरी मुद्रिते तपासताना मला नको त्या अक्षरावर अनुस्वार दिसला. खूण करायला पेन्सिल टेकवली, तर तो शेजारच्या शब्दावर सरकला. दोन दिवसांत त्याला शेपटी फुटली, सोबत कोळिष्टकाचा एक तुकडा आला, आणि सकाळी तलावपाळीला फेरी मारताना उजळ आभाळाकडे पाहिले की डाव्या डोळ्यासमोर हे सगळे तरंगू लागे.

मी आधी रीतसर नेत्रतज्ज्ञांकडेच गेले होते, हे कृपा करून लक्षात घ्यावे. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) कडेपर्यंत तपासला आणि सांगितले, की डोळ्याच्या पोकळीत भरलेला जेलीसारखा काचाभ द्रव वयानुसार पातळ होतो, त्यातले तंतू एकमेकांना चिकटतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते, हे फ्लोटर्स. पडदा शाबूत होता. याला थेंब नाहीत, गोळ्या नाहीत. काही महिन्यांत मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि बरेचसे ठिपके नजरेच्या रेषेखाली बसतात. तो द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे, पण तिच्यात मोतीबिंदू लवकर होण्याचा आणि पडदा सुटण्याचा धोका असल्याने एवढ्यासाठी ती सहसा करत नाहीत. लेझरने ठिपके फोडण्याचा उपायही सर्वांना लागू पडत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, आणि चमक दिसली, ठिपके एकाएकी वाढले किंवा बाजूने काळा पडदा सरकत आला, तर त्याच दिवशी या. फी ८०० रुपये, वेळ सात मिनिटे. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मला मात्र त्यातले "याला औषध नाही" एवढेच ऐकू आले. माझे पोट ज्या डोळ्यांवर भरते त्यांच्याबद्दल हे वाक्य सात मिनिटांत ऐकून कोणी शांत बसले असते, तर त्यांना माझा नमस्कार.

मोबाइलवर ठिपके घालवण्याचा दावा करणाऱ्या एका केंद्राची जाहिरात दिसली, मी नंबर भरला, फोन आला. पुढचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो आळवत नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा, पांढरा कोट घातलेला तिशीतला मुलगा, भिंतीवर डोळ्याची मोठी आकृती. त्याने मला "काकू" म्हणत चाळीस मिनिटे ऐकून घेतले. माझ्या अनुस्वाराची गोष्टसुद्धा ऐकली. नोंदणीचे ४९९, पहिल्या टप्प्याच्या थेंबांचे १८,५००, "मुळापासून शुद्धी"च्या दुसऱ्या टप्प्याचे २४,००० आणि परदेशी म्हणून दिलेल्या कॅप्सूलचे ११,२००. मार्च ते मे, एकूण ५४,१९९ रुपये. घरी मुलाला आणि सुनेला मी हे सांगितले नाही. क्यूआर कोडवर पैसे पाठवताना केंद्राचे नाव न येता कुणा बाईचे नाव आले, तेव्हाच हात आखडायला हवा होता. आपले पैसे कोणाच्या नावावर जात आहेत, ते वाचल्याशिवाय पिन टाकू नये.

पण जो क्षण मला अजूनही रात्री उठवून बसवतो तो वेगळाच आहे. पहिल्या दिवशी त्याने यंत्रासमोर बसवून संगणकाच्या पडद्यावर "तुमचा डावा डोळा" म्हणून एक मोठे छायाचित्र दाखवले. तपकिरी बुबुळावर काळसर ठिपके होते आणि तेच माझे फ्लोटर्स, असे तो म्हणाला. माझ्या डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला लहानपणापासून तीळ आहे. त्या छायाचित्रात तीळ नव्हता. मला ते दिसले. मी म्हणालेसुद्धा, "इथे माझा तीळ नाही दिसत." तो हसून म्हणाला, "काकू, ही मशीन आतलं बघते, वरचं नाही," आणि मी मान डोलावली. पापण्यांचे केस स्पष्ट दिसत होते, तीळ तेवढा नाही! सुटलेली वेलांटी पकडण्याचे पैसे ज्या बाईने ३१ वर्षे घेतले, तिने स्वतःच्या चेहऱ्यावरचा तीळ सुटलेला पाहिला आणि पान पुढे उलटले. फ्लोटर्स डोळ्याच्या आत, बुबुळाच्या बऱ्याच मागे असतात. बुबुळाच्या साध्या फोटोत ते दिसत नाहीत, हे मला आज कळते. ज्याने बाहुली मोठी न करताच निदान सांगितले, त्याने पडदा नीट पाहिलेलाच नसतो. त्याच्या पत्रकावर "चिकित्सा" हा शब्द दीर्घ की घालून "चिकीत्सा" असा छापला होता. तो मात्र मी पहिल्या मिनिटालाच टिपला होता आणि मनातल्या मनात हसलेही होते.

एप्रिलच्या शेवटी ठिपके खरोखर कमी जाणवू लागले. मी त्याला मिठाई नेऊन दिली. नेत्रतज्ज्ञांनी जे फुकट होईल म्हणून सांगितले होते तेच होत होते, आणि त्याचे श्रेय मी बाटलीला देत होते. हा धंदा चालतो तो यावरच: दुखणे बहुधा आपोआप सुसह्य होते, तोवर हप्ते वसूल करायचे.

याहून वाईट पुढे आहे. "बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर आमचे औषध कापले जाईल," असे बजावून त्याने माझी सहा आठवड्यांची तपासणी बुडवायला लावली. जूनमध्ये अंधारात डाव्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसू लागले. मी केंद्राला फोन केला, तर "जुना मळ सुटतोय, चांगली खूण आहे" असे उत्तर मिळाले. मी नऊ दिवस थांबले. काचाभ द्रव पडद्याला ओढतो तेव्हा अशी चमक दिसते, आणि त्या ओढीने पडदा फाटूही शकतो. माझा फाटला होता, लहानसाच. नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी फाटीभोवती लेझर मारून कडा पक्क्या केल्या, म्हणून पडदा सुटला नाही. चमक दिसली तर कोणालाही फोन करत बसू नका. रिक्षा करा आणि नेत्रतज्ज्ञांना गाठा.

मग तक्रारी. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून विचारले, "मावशी, पैसे तुम्हीच दिलेत ना? मग ही दिवाणी बाब." ऑनलाइन पैसे म्हणून सायबरच्या टेबलाकडे पाठवले, तिथे म्हणाले, तुम्ही गाळ्यात प्रत्यक्ष गेला होता, हे आमचे नाही. वैद्यकांची नोंदणी पाहणाऱ्या कार्यालयात तर कहर झाला: तो माणूस नोंदणीकृत डॉक्टरच नाही, म्हणून त्याच्यावर कारवाई करता येत नाही! म्हणजे तो खरा डॉक्टर असता तर शिक्षा झाली असती. खोटा आहे म्हणून सुटला. औषधांच्या कार्यालयात बाटली नेली. लेबलवर परवाना क्रमांक नव्हता, "नेत्रस्नान जल" एवढेच होते. साहेब म्हणाले, उघडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही. डोळ्यांत घालण्याचे औषध मी न उघडता कसे घालणार होते? (एक बाटली सीलबंद ठेवा, हे मात्र शिकले.) जाहिरातीचा विषय काढला, तर १९५४ च्या जादुई उपचारांच्या कायद्याची यादी पुढे सरकवली: तीत मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे, अंधत्व आहे, "तुमचे ठिपके यात नाहीत." घरी येऊन मी तो कायदा पूर्ण वाचला. औषधाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्याच्या चौथ्या कलमात मनाई आहे, आणि तिथे यादीची अट नाही. ते कलम अधोरेखित करून मी पुन्हा गेले. साहेब बैठकीला गेले होते. तिसऱ्यांदाही बैठकीलाच गेले होते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल मागितले तेव्हा "जीएसटी लागेल" म्हणून केंद्रातल्या त्या मुलाने टाळले होते, आणि अठरा टक्के वाचवल्याचा मला आनंद झाला होता. आता पुरावा म्हणून माझ्याकडे बँकेच्या चार नोंदी, व्हॉट्सअॅपचे संदेश आणि ते पत्रक एवढेच आहे.

गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने बसने येताना वर नजर गेली. गाळा उघडा होता, पाटी नवी होती. मी पुढच्या थांब्यावर उतरले, परत चालत आले आणि तारखेसह फोटो काढून अर्जाला जोडला. पाटीवर लिहिले होते, "गुडघेदुखी चिकीत्सा केंद्र". की दीर्घच होती.