पाच टनी ट्रॉली, आठ महिने आणि एक फाळका

ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची उघडणारी झडप, काल पुन्हा वाजायला लागला, म्हणून लिहायला बसलो. ट्रॉली जुलैत घेतली. दोनचाकी, पाच टनी, हायड्रॉलिक. ट्रॅक्टर घरचाच, 45 एचपी. टायर, पाटे, जॅक यांची मापं सगळ्यांना पाठ असतात, त्यात शिरत नाही.

घेताना घरात दोन तट पडले. अण्णांचं म्हणणं, गावातला वेल्डर 1,70,000 मध्ये बनवून देतोय, तीच घेऊ. पण त्याच्याकडे टाइप अप्रूव्हल, म्हणजे ट्रॉलीच्या मॉडेलला लागणारी सरकारी मान्यता, नाही, मग आरटीओत पासिंग कसं व्हायचं? ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नंबर, वेगळं आरसी (नोंदणीचं पुस्तक) लागतं हे आमच्याकडे निम्म्या लोकांना मान्यच नाही. "इंजिन नाही तर नंबर कशाला?" हा अण्णांचा प्रश्न. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच, हे सांगून उपयोग नव्हता. शेवटी कागदांसकट 2,05,000 ला घेतली. वरच्या 35,000 चा हिशेब अजून जेवताना निघतो.

आता फाळका. कडीची पिन बारीक आणि भोक मोठं. भरलेली ट्रॉली गप्प असते, माल उतरवून निघालं की खडाड् खडाड्. आळेफाट्याच्या बाजारात कांदा घालून रात्री परतताना वस्तीवरची कुत्री पार घरापर्यंत सोबत करायची. ज्याच्याकडून घेतली त्याला तीन फोन केले. "मोकळी ट्रॉली वाजणारच, शेठ." दोन लाखाच्या वस्तूला चार रुपयांचा वायसर घालायला याचा हात थरथरतो आणि मला शेठ म्हणतो!

ऑक्टोबरात बाजरीचं सरमाड (वाळलेली ताटं) भरलं. पेंढ्या मागून बाहेर येत होत्या म्हणून फाळका खाली सोडला. महामार्गावर हवालदारानं थांबवलं. लोंबता फाळका नंबर प्लेट, लाल दिवे, रिफ्लेक्टर सगळ्यावर झाकणासारखा बसला होता. 500 ची पावती. रागावण्यात अर्थ नव्हता, अंधारात मागून येणाऱ्याला आमची ट्रॉली दिसलीच नसती. अण्णा एवढंच म्हणाले, "35,000 चा नंबर, तोच झाकला."

इथपर्यंतचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि खाली 'घेऊ नका' असं लिहिणार होतो. पण डिसेंबरात उन्हाळ कांद्याच्या लागवडीआधी शेणखत वाहिलं आणि मत बदललं. पूर्वी एका खेपेला दोन माणसं फावडी-घमेली घेऊन तासभर. आता लिव्हर ओढला की ट्रॉली उचलते, ट्रॅक्टर हळूहळू पुढं घ्यायचा, खताची रांग मागं पडत जाते. सगळ्या खेपा आम्ही दोघांनीच एका दिवसात उरकल्या. त्या दिवशी जेवताना हिशेब निघाला नाही.

चारचाकी घेतली नाही याचीही आता हळहळ नाही. दोनचाकी रिव्हर्सला सोपी. भरताना मात्र डोकं लागतं. वजन मागं गेलं की ट्रॉलीचा पुढचा दांडा ट्रॅक्टरचा हुक वर उचलू बघतो, पुढं फार झालं की चढाला ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग नुसतं हातात फिरतं. शिवाय आमच्या ट्रॉलीला ब्रेक नाही. उताराला आधीच खालचा गिअर टाकायचा आणि ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांच्या दोन्ही ब्रेक पेडलची कडी जोडून ठेवायची. शेतात वळायला ती सोडलेली असते, निघताना जोडायची राहून जाते, मीही एकदा विसरलोय.

विम्याचं तेवढं बघा. एजंट म्हणाला, "ट्रॅक्टरचा आहे ना, मग झालं." झालेलं नसतं. पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर लिहून घेतला. मेहुण्यानं विटांच्या भाड्याच्या खेपा मागितल्या, नाही म्हटलं. भाडं घेतलं की शेतीचा विषय संपतो, काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. लेण्याद्रीच्या गणपतीला माणसं न्यायला भावकीनं ट्रॉली मागितली तेव्हाही नाही म्हटलं, त्यावरून दोन घरं अजून अबोल आहेत. जास्त वजनाचं सांगायचं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 आहे. चार गोण्या जास्त टाकून काय वाचतं ते ज्याचं त्यानं बघावं.

फाळका शेवटी गावातल्या त्याच वेल्डरनं सरळ केला, ज्याची ट्रॉली आम्ही घेतली नव्हती. जाड पिना, कडीखाली रबरी पट्टा, 400 रुपये. मुद्दाम काही बोलला नाही, नुसता हसला. लांब माल असला की आता बिजागरीच्या पिना काढून फाळका घरीच ठेवतो, प्लेट उघडी राहते. दोन महिने शांतता होती. काल पट्टा झिजून तुटला. अण्णांनी पिठाच्या गिरणीतून जुना पट्टा मागून आणलाय, फुकट मिळाला हे दोनदा सांगून झालंय.