सागरी मार्गावरची फेरीबोट : वऱ्हाडातून स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना मुरूड ते जयगड या पट्ट्यात चार मोठ्या खाड्या आडव्या येतात, आणि त्या मोटारीसह ओलांडून देणारी फेरीबोट सेवा हा या परीक्षणाचा विषय आहे. माझे यजमान एसटीतून चालक म्हणून आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालो असून आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. आमच्या भागातून कोकणात जाणारी बहुतेक मंडळी रेल्वेने मुंबई गाठतात आणि तेथून सहलीच्या बसने गणपतीपुळे व मालवण उरकून परत येतात. स्वतःच्या गाडीने, किनारा धरून, रोज थोडेथोडे अंतर कापत जाण्याचा विचार निवृत्त जोडप्यांच्या मनात येतोही, परंतु वाटेत खाड्या आहेत आणि तेथे गाडी बोटीवर चढवावी लागते हे कळल्यावर तो बेत बहुधा तिथेच राहतो. ही धास्ती अनाठायी आहे, किंबहुना त्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत नीटनेटकी व्यवस्था फेरीबोटीचीच आहे, असे माझे मत झाल्याने हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडच्या माणसाला बोट म्हटले की डोंगा आठवतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीच्या पात्रात नाव उलटून एकाच कुटुंबातील अनेक जण बुडाले, त्या बातमीचा धसका अजून गेलेला नाही, आणि मुले-सुना आपल्याला बोटीत बसू नका म्हणून बजावतात ते त्याच काळजीपोटी. म्हणून प्रथम हे सांगितले पाहिजे की फेरीबोट ही डोंग्याच्या जातीची वस्तूच नव्हे. ती सपाट तळाची, रुंद, लोखंडी बोट असते. तिच्या टोकाची जाड लोखंडी फळी खाली येऊन जेटीच्या उतारावर टेकते आणि त्या फळीवरून मोटारी, दुचाक्या, मालाचे टेम्पो आणि पायी येणारी माणसे आत जातात. वरच्या मजल्यावर बसण्याची जागा असते, तेथे अरुंद लोखंडी जिन्याने जावे लागते. ज्यांना जिना झेपत नाही त्यांनी खाली कठड्यापाशी उभे राहावे किंवा गाडीतच बसून राहावे, त्याला कोणी हरकत घेत नाही. पाणी शांत असताना बोट चालू झाल्याचे गाडीत बसलेल्याला कळतही नाही. पहिल्या खाडीवर बोट जेटीपासून सुटली तेव्हा हे मला म्हणाले, "अवं, पाह्य, गाडी बंद हाये अन् आपन चाललो!" आयुष्यभर सुकाणूचक्र हाती धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी क्वचितच पाहिला होता.

गाडी बोटीवर चढवण्याच्या बाबतीत त्यांचे मत माझ्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, म्हणून ते येथे नोंदवते. बोटीवरचे कर्मचारी हाताच्या खुणांनी गाडी एकेक हात पुढे घेतात, जड वाहन कुठे आणि हलके कुठे उभे करायचे हे त्यांच्या डोक्यात पक्के असते, आणि चालक नवखा दिसला तर ते खिडकीपाशी येऊन हळू आवाजात सांगतात, ओरडत नाहीत. एसटीच्या आगारात गाड्या लावण्यात वर्षे घालवलेल्या माणसाने ही शिस्त वाखाणली, यातच तिचे मोल आले. काही वेळा गाडी मागे घेत चढवावी किंवा उतरवावी लागते. ज्यांना उतारावर गाडी मागे घेण्याचा सराव नाही त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या गावाच्या एखाद्या चढावर तो करून घ्यावा. बोटीवर गाडी बंद करून हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची, एवढे पुरेसे असते. तिकीट वाहनाच्या प्रकाराप्रमाणे वेगळे आणि माणसांचे वेगळे असते, ते जेटीवरच मिळते.

खाडी म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे पुस्तकात शिकवले जाते, पण प्रत्यक्ष पाहिल्यावरच उमजते. आपल्या वर्धा आणि पैनगंगा मैलोन्मैल वाहत पूर्वेकडे जाऊन अखेर गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळतात, तर कोकणच्या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोडक्या अंतरात अरबी समुद्र गाठतात आणि त्यांच्या मुखांतून भरतीचे खारे पाणी आत दूरवर शिरते. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला आणि शास्त्री जयगडला समुद्राला मिळते, आणि मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी आहे. भरती आणि ओहोटी दिवसातून दोनदोनदा होते, त्यामुळे त्याच जेटीवर सकाळी आणि दुपारी बोट वेगवेगळ्या ठिकाणी टेकते. ओहोटीच्या वेळी उताराचा खालचा, एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो आणि तो शेवाळाने निसरडा झालेला असतो. पायी उतरणाऱ्या ज्येष्ठांनी या एका गोष्टीकडे फार लक्ष द्यावे. आपण गाडीतच बसून चढणे आणि गाडीतच बसून उतरणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, आणि कर्मचारीही तोच सल्ला देतात.

उत्तरेकडून निघाल्यास पहिली फेरी आगरदांडा ते दिघी ही होय, आणि चौघींमध्ये पाण्यावरचा वेळ हिलाच अधिक लागतो. या फेरीआधी मुरूडला मुक्काम करून राजपुरीहून जंजिरा पाहण्याचा मोह होतो. मराठ्यांना अखेरपर्यंत जिंकता न आलेला सिद्दीचा तो जलदुर्ग पाहण्यासारखा आहेच, परंतु तेथे शिडाच्या होडीने जावे लागते आणि किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी तो किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. फेरीबोट आणि ती होडी यांत हाच फरक आहे की फेरीबोटीला तुमच्या गुडघ्यांची परीक्षा घ्यावी लागत नाही.

दिघीपासून दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हा टप्पा अंतराने अगदी थोडा आहे, पण तो एका दिवसात संपवू नये. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट पलीकडे वेश्वीला नेते आणि तेथे आपण रत्नागिरी जिल्ह्यात प्रवेश करतो. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १७५६ मध्ये ताब्यात घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. पुढे वेळास लागते, जेथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिल्ले समुद्रात सोडली जातात. तेथे गावकऱ्यांच्या घरीच राहण्याजेवण्याची सोय होते. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना, एक गाव कासवांच्या घरट्यांची राखण करते आणि त्यातून त्याला चार पैसेही मिळतात, हे पाहून फार समाधान वाटले.

वेळासपासून केळशी, आंजर्ले, हर्णै आणि मुरूड असा रस्ता जातो. हे दापोलीजवळचे मुरूड, जंजिऱ्याचे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण या गावात गेले. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या आणि १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेल्या त्या पुरुषाच्या गावात, नारळ-सुपारीच्या वाड्यांमधल्या रस्त्याने चालताना, ज्या शाळेत मुलींच्या हजेरीसाठी मी घरोघर फिरले ती शाळा मनात आल्यावाचून राहिली नाही. या गावाला वेळ द्यावा, एवढीच माझी सूचना.

तिसरी फेरी, दाभोळ ते धोपावे, ही या सेवेची उपयुक्तता सर्वांत चांगली दाखवते. दाभोळहून समोरच्या तीरावर पाव तासात पोहोचता येते. हीच मजल रस्त्याने मारायची तर खेड आणि चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो, तोही घाटवळणांचा. दाभोळ गावातील उतरता रस्ता मात्र अरुंद आहे आणि समोरून टेम्पो आला की कोणाला तरी मागे सरावे लागते, म्हणून तेथे सकाळी लवकर पोहोचणे बरे. या बोटीवर केवळ पर्यटक नसतात. दप्तर घेतलेली मुले, बाजाराला निघालेल्या बायका, दुचाकीवर माशांचे डबे बांधलेले लोक, लग्नाचे वऱ्हाड, असे सगळे याच बोटीने रोज जातात. ज्या सेवेवर तेथील माणसे आपला रोजचा दिवस सोपवतात, तिच्यावर आपण विश्वास ठेवायला हरकत नाही.

गुहागरच्या पुढे हेदवी करून तवसाळला चौथी फेरी मिळते आणि ती जयगडला उतरवते. तेथून मालगुंड जवळ आहे. कवी केशवसुतांचे हे जन्मगाव. त्यांचा जन्म १८६६ चा, आणि पेशाने तेही शिक्षकच होते. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे घर आणि स्मारक नीट जपले आहे. गणपतीपुळ्याला येणाऱ्या शेकडो गाड्यांपैकी फारच थोड्या तेथे वळतात, ही खंत वाटण्यासारखी बाब आहे. जयगडच्या दक्षिणेला किनाऱ्याच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी पूल असल्याने फेरीबोटीचा विषय येथे संपतो.

आता उणिवा. एका जेटीवर बोटीची वाट पाहण्यासाठी सावलीची जागा पुरेशी नव्हती आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह वापरण्याजोगे नव्हते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना ही गैरसोय फार जाणवते, कारण त्यांना वारंवार जावे लागते. शनिवारी, रविवारी आणि सुट्यांच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि मग एखादी बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते. आपल्याला नोकरीवर हजर व्हायचे नाही, तेव्हा खाड्या सोमवार ते गुरुवार ओलांडाव्यात आणि शनिवार-रविवार एखाद्या गावी स्वस्थ बसावे. जेटीवर लिहिलेल्या वेळा पाहून ठेवाव्यात, शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नये, आणि पावसाळ्यात जाणार असाल तर सेवा चालू आहे याची आधी चौकशी करावी. रस्त्याची स्थिती सगळीकडे सारखी नाही. काही भाग गुळगुळीत तर काही भाग उखडलेला आहे. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली आणि गुहागर येथे भरून घ्यावे, कारण मधल्या गावांत पंप सहज सापडत नाही.

राहण्याची सोय घरगुती निवासात करावी, पण आरक्षण करण्यापूर्वी दोन प्रश्न फोनवर स्पष्ट विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे का, आणि संडास कमोडचा आहे का. एका ठिकाणी हे दोन्ही असल्याचे सांगितले होते आणि प्रत्यक्षात उभ्या पायऱ्यांच्या माडीवरची खोली मिळाली. मालकांनी दुसऱ्या दिवशी खाली सोय केली, तरी ती रात्र माझ्या यजमानांच्या गुडघ्यांना भारी गेली. जेवणाबाबत मात्र तक्रार करण्यास जागा नाही. आम्ही माळकरी असल्याने मासळीच्या मुलखात आपले कसे होणार, अशी शंका होती. ती कुळथाच्या पिठीने, फणसाच्या भाजीने, घावन्यांनी आणि सोलकढीने पार घालवली. आमटीत गूळ असतो आणि तिखट बेताचे, त्यामुळे वऱ्हाडी जिभेला चार दिवसांनी ठेचा हवासा वाटतो. तो घरून न्यावा. एका यजमानीणबाईंनी आमचा ठेचा चाखून त्याची कृती वहीत लिहून घेतली, याचा मला फार आनंद झाला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात कोकणातील तापमान आपल्यापेक्षा कमी असले तरी दमट हवेत घाम थांबत नाही, आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या आपल्या शरीराला तो उकाडा वेगळ्याच प्रकारे थकवतो.

रेवस-रेड्डी सागरी मार्गावरील उरलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे आणि बाणकोटच्या खाडीवरचे काम तर वर्षानुवर्षे रखडलेले आहे. पूल व्हावेत, कारण रात्री-अपरात्री रुग्ण घेऊन निघालेल्या तेथील माणसाला बोटीची वाट पाहायला लागू नये. परंतु ज्यांना किनारा फेरीबोटीने पाहायचा आहे त्यांनी हा प्रवास पुढे ढकलू नये.

जाताना कारंज्याजवळ समृद्धी महामार्गाला लागावे आणि शिर्डीला मुक्काम करून तो संपेपर्यंत, म्हणजे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जावे. सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर चालकाला झोप येते, म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबणे आवश्यक आहे. परतताना त्याच वाटेने येण्याची गरज नाही. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि पुढे सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, उमरखेड असा रत्नागिरी-नागपूर महामार्ग थेट आर्णीला येतो, आणि वाटेत भवानीचे दर्शनही घडते. हा टप्पा दोन मुक्कामांत करावा, एकात करण्याचा आग्रह धरू नये.