८० ला बांधलेली टॅक्सी: नऊ महिने, ४३ हजार किलोमीटर

गेल्या दसऱ्याला पिवळ्या पाटीची सीएनजी सेडान घेतली. कंपनीतूनच ताशी ८० किलोमीटरला लॉक होऊन आलेली, म्हणजे वेग अडवणारा गव्हर्नर आतच बसवलेला. तेव्हापासून नाशकात द्वारक्याला असो की मुंबई नाक्याला, कुणी ओळखीचा गाडीवाला भेटला की पहिला प्रश्न हाच, "गव्हर्नर ठेवलाय का काढला?" ठेवलाय. का ठेवलाय आणि त्याचा त्रास कुठे होतो, ते एकदा नीट लिहून टाकतो.

आधी नियमाचं. टॅक्सी म्हणून पासिंग होणाऱ्या नव्या गाड्यांना २०१७ पासून ८० ची मर्यादा आहे. पांढऱ्या पाटीच्या नव्या खासगी गाड्यांना १ जुलै २०१९ पासून नुसता आवाज आला: ८० च्या वर अधूनमधून बीप, १२० च्या वर सतत. माझ्या मेहुण्याच्या गाडीत तो बीप वाजला की मेहुणा गाण्याचा आवाज वाढवतो. माझ्या गाडीत तो मार्गच नाही.

हे चालतं कसं? आताच्या गाड्यांना एक्सिलरेटरची केबल नसते. पेडलला सेन्सर असतो, पाय किती दाबलाय ते तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कळवतो. ८० झाले की ईसीयू पायाचं ऐकायचं बंद करतो. झटका बसत नाही, गाडी फक्त ओढायची थांबते. पहिल्या आठवड्यात दोनदा मला वाटलं सीएनजी संपला, म्हणून मी पेट्रोलवर टाकली. तरी तेच. मग लक्षात आलं. आणि हे यंत्र ब्रेक लावत नाही, हे नव्या माणसाने पक्कं लक्षात ठेवावं. कसारा उतरून खाली लागलं की लांब उताराला काटा ८६-८७ वर गेलेला मी पाहिलाय. तिथे गिअर आणि ब्रेक आपल्यालाच सांभाळायचा असतो.

सगळ्यात मोठी अडचण ओव्हरटेकची. डिसेंबरात वलसाडची मंडळी त्र्यंबकेश्वराचं दर्शन करून परत निघाली होती, पेठ रोडने. पुढे एक ट्रेलर, साधारण सत्तरने चाललेला. सरळ रस्ता बघून मी बाहेर काढली, त्याच्या मधल्या चाकांपर्यंत आलो आणि गाडी ८० ला अडकली. पाय तळाला टेकलेला, गाडी हूं नाही की चूं नाही. समोरून एसटी. मागून कुणीतरी "भाई, भाई" ओरडलं. मी ब्रेक दाबून परत ट्रेलरच्या मागे आलो, तेव्हा एसटीवाला लाइट मारत शेजारून गेला. पेठ गावात चहाला थांबलो तर कप धरवत नव्हता.

त्या रात्री घरी वहीवर हिशोब मांडला. ट्रेलर सत्तरने, मी ऐंशीने, म्हणजे फरक ताशी १० किलोमीटरचा. ट्रेलरची लांबी, पुढचं-मागचं अंतर आणि माझी गाडी धरून ४५ मीटर तरी जास्तीचे कापायचे. त्याला १६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मी साडेतीनशे मीटरच्या वर रस्ता चुकीच्या बाजूने जातो. समोरचाही ऐंशीने येत असेल तर मला सातशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. पेठ रोडवर तो दिसतो कुठे? तेव्हापासून दुपदरी रस्त्यावर साठच्या वरच्या वाहनाला मी ओव्हरटेक करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, काढा की पुढे." मी सांगतो, नाही निघणार.

आता दुसरी रात्र. फेब्रुवारी, पहाटेचे साडेतीन, धुळ्याहून एक कुटुंब घेऊन येत होतो. चांदवड सोडून पिंपळगावकडे लागलो. समोर काळोख, रस्ता रिकामा, काटा ऐंशीवर. हेडलाइटमध्ये आधी दिसली ती फाळक्याखाली लोंबणारी हिरवी जाळी. कांद्याची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. ट्रॉलीच्या वेगाला आलो तेव्हा मधे जेमतेम एक रिक्षा मावेल एवढी जागा होती. मागची आजी झोपेतून पुढच्या सीटवर आदळली, बाकी कुणाला ओरखडा नाही. ८० वर गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणसाचं भान येऊन गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर ५५-६० मीटर जातात, आणि १०० वर तेच ८० मीटरच्या वर. रिकामा चौपदरी रस्ता आणि पहाटेची झोप, गव्हर्नर काढलेला असता तर मी शंभरनेच चाललो असतो. मी स्वतःला ओळखतो.

समृद्धीवर मात्र ८० अंगावर येतं. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून विमानतळाची बहुतेक भाडी मी तिकडूनच नेतो. इगतपुरीचा आठ किलोमीटरचा जुळा बोगदा पार केला की कसाऱ्याचा त्रासच उरत नाही. पण तिथे कारला १२० ची मुभा आहे आणि मी ट्रकांच्या रांगेत ८० वर. मागून येणारा ४० ने जास्त वेगात येतो, आरशात ठिपका दिसतो तोवर तो शेजारी असतो. डावी लेन सोडायची नाही, लेन बदलायची तर दोनदा बघायचं, एवढंच हातात. वेळेचं म्हणाल तर शंभर किलोमीटरला १०० च्या वेगाने एक तास आणि ८० ने सव्वा तास. मी भाडं ठरवतानाच पंधरा मिनिटं आधी निघायला सांगतो. फ्लाइट अजून एकाचीही चुकलेली नाही. आणि सीएनजीचं अ‍ॅव्हरेज जुन्या गाडीपेक्षा किलोला तीन किलोमीटर जास्त पडतंय. नवं इंजिन आहे हे खरं, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हेही खरं.

जुन्या गाडीचा अनुभव सांगायलाच हवा. तिला बाहेरून गव्हर्नरचा डबा बसवलेला होता, पेडलच्या वायरीत जोडलेला. पासिंगच्या आधी सर्टिफिकेट नवं करायला एका दुकानात गेलो, तर त्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पैसे घेतले, प्रिंट हातात दिली आणि वर विचारलं, "वायर काढून देऊ का?" मला त्याचा आजही संताप येतो. असा कागद घेऊन सुटलेल्या गाडीत कुणाची तरी लेकरं बसतात. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडला ट्रकला धडकून खासगी बस जळाली, १२ जीव गेले. त्या चौकातून मी आजही जातो तेव्हा गाडीत कुणी बोलत असेल तर मी गप्प होतो.

माझी तक्रार मर्यादेबद्दल नाही, एकाच आकड्याबद्दल आहे. ८० हा आकडा समृद्धीला कमी आणि शाळा सुटायच्या वेळी गंगापूर रोडला दुप्पट. यंत्राला रस्ता कळत नाही. युरोपात ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला जी प्रणाली सक्तीची झाली, ती कॅमेऱ्याने पाट्या वाचते किंवा नकाशावरून मर्यादा ओळखते आणि चालकाला आवाजाने किंवा पेडलमधून जाणवून देते. पाय जोरात दाबला तर गाडी पुढेही जाते, म्हणजे पेठ रोडसारख्या प्रसंगाला वाट राहते. बंद केली तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ती पुन्हा चालू असते. मला अशी हवी, आणि पांढऱ्या पाटीलाही हवी. पण त्याआधी आपल्याकडे पाट्या दिसायला हव्यात. आमच्या भागात वेगाची पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेली की महिना महिना बाहेर येत नाही. २०२७ च्या सिंहस्थाला बाहेरगावच्या हजारो गाड्या या रस्त्यांवर येतील, निदान तोवर तरी त्या मोकळ्या व्हाव्यात.

भाच्याची कार दिवाळीत येतेय, पांढऱ्या पाटीची. तिच्या स्टिअरिंगवर स्पीड लिमिटरचं बटण आहे, आपण आकडा लावायचा तसं. डिलिव्हरीला मी जाणार आहे. ते बटण त्याला तिथेच, माझ्या बहिणीसमोर लावायला शिकवणार आहे.