साडेनऊची मीटिंग, तीन लिटरचा कुकर आणि पाच देश: वर्षभर फिरत काम केल्यानंतर

ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, सामान सांगलीला आईकडे टाकलं आणि व्हिएतनाममधल्या दा नांगला गेलो. सप्टेंबर 2025 च्या शेवटी परत आलो. मधल्या काळात व्हिएतनाम, थायलंड, जॉर्जिया, आर्मेनिया आणि पोर्तुगाल असे पाच देश झाले. नोकरी तीच, पुण्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पगारही तोच, रुपयांत. हे आधीच सांगतो, कारण ह्या विषयावर भरभरून बोलणारे बहुतेक लोक डॉलरमध्ये कमावणारे निघतात आणि त्यांचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

निघताना मी शहरं निवडली ती फोटो बघून. निवडायला हवी होती घड्याळ बघून.

आमचं ऑफिस भारतीय वेळेनं साडेनऊ ते साडेसहा. शिवाय आठवड्यातून दोनदा रात्री साडेआठला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. दा नांग आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे काम अकराला सुरू, आठला बंद आणि कॉलच्या दिवशी रात्री दहाला पुन्हा लॅपटॉपसमोर. सकाळ अख्खी मोकळी आणि 'मी खे' नावाचा समुद्रकिनारा चालत दहा मिनिटांवर. कागदावर झकास. पण मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर धो-धो पाऊस असतो, हे मी तिकीट काढल्यावर वाचलं. आपल्याकडचा पावसाळा संपवून मी पदरचे पैसे खर्चून दुसऱ्या पावसाळ्यात जाऊन बसलो. किनाऱ्यावर लाल बावटे, खोलीत ओले टॉवेल. त्यात समुद्राखालच्या केबलमध्ये बिघाड झाला की परदेशातले सर्व्हर रांगायला लागायचे आणि माझे टेस्ट रन अर्ध्यावर लटकायचे.

जानेवारीत थायलंडमधल्या चिआंग माईला गेलो. वेळ तीच, हवा मात्र सुंदर, जेवण स्वस्त. भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय 60 दिवस मिळत होते, वर इमिग्रेशन ऑफिसात 1,900 बाट भरून 30 दिवस वाढवून मिळाले. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून आसपासची शेतं आणि जंगलं पेटायला लागतात. मार्च उजाडला तसा समोरचा डोंगरच दिसेनासा झाला. दहा दिवस घसा धरून बसलो आणि पळालो.

तिबिलिसीत मात्र घड्याळ जुळलं. जॉर्जिया भारताच्या दीड तास मागे. आठला काम सुरू, पाचला संपलं, क्लायंटचा कॉल सातला. म्हणजे कॉल नसेल त्या दिवशी पाच वाजता मी खरोखर मोकळा. मे-जूनमध्ये उजेड साडेआठपर्यंत. संध्याकाळी गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामखान्यांकडून जुन्या गावात चढत जायचं, वाटेत भट्टीवरून गरम पाव घ्यायचा. तिथे पावाला 'पुरी' म्हणतात. तंदूरसारख्या मातीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेली, होडीसारखी लांबट. आईला व्हिडिओवर दाखवली तर म्हणाली, "ही कसली रे पुरी, हिला तर तेलच नाही."

आर्मेनियातल्या येरेवानमधला जुलै जर्दाळू खाण्यात गेला. त्याबद्दल तक्रार नाही, सांगण्यासारखंही फार नाही.

लिस्बनचं गणित उलटं पडलं. उन्हाळ्यात ते साडेचार तास मागे. म्हणजे आपले साडेनऊ म्हणजे त्यांचे पहाटेचे पाच. दुपारी दोनला सुटका, ह्या आनंदात पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री आठलाच डोळे मिटायला लागले, आणि त्या शहरात आठला तर लोक जेवायचं कुठे ह्याचा विचार सुरू करतात. दीड महिन्यात एकही संध्याकाळ धड बघितली नाही. दुकानात बटाट्यावर 'बटाटा'च लिहिलेलं पाहून बरं वाटलं. काउंटरवर 'पगार' हा शब्द कानावर आला तेव्हा दचकलो. त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे देणे. खोलीचं भाडं ऐकल्यावर अर्थ पटला: एका खोलीचे महिन्याला 850 युरो, म्हणजे 86 हजारांच्या आसपास. दा नांगला अख्ख्या फ्लॅटचे 34 हजार पडत होते, तिबिलिसीत 43.

आता ज्यासाठी सगळे मेसेज करतात ते: व्हिसा. 'डिजिटल नोमॅड व्हिसा', म्हणजे फिरत फिरत लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठीचा व्हिसा, हा प्रकार खरा आहे, पण तो आपल्या पगारासाठी बेतलेला नाही. पोर्तुगालच्या अशा व्हिसासाठी (डी8) त्यांच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, 2025 मध्ये महिन्याला 3,480 युरो. थायलंडचा असाच व्हिसा (डीटीव्ही) पाच वर्षांचा आहे, पण खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे तेव्हाच्या दराने 12-13 लाख रुपये. मी सगळीकडे साध्या पर्यटक व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर राहिलो. त्यावर लॅपटॉप उघडून आपल्याच देशातल्या कंपनीचं काम करणं चालतं का, ह्याचं सरळ उत्तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मिळत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. एका विमानतळावर मला पाऊण तास बाजूला बसवून परतीचं तिकीट, बँक स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. माझ्या मागे जर्मन पासपोर्टवाला होता, तो शिक्का मारून निघूनही गेला. पोर्तुगालला जायला लागणाऱ्या युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी तर मार्चमध्ये दोन आठवडे भारतात यावं लागलं, कारण अर्ज आपण जिथे राहतो तिथूनच करायचा.

करांचं एका परिच्छेदात उरकतो. कंपनीने लेखी परवानगी दिली ती एका अटीवर: कुठल्याही देशात सलग 90 दिवसांच्या वर नाही, नाहीतर तिथल्या कर खात्याचं लचांड कंपनीच्या मागे लागू शकतं. माझ्या बाजूने सीएंनी बोटं मोजून दाखवलं की ऑक्टोबर ते सप्टेंबर असं गेल्यामुळे दोन्ही आर्थिक वर्षांत माझे भारतातले दिवस 182 च्या वर भरतात. वर्षभर बाहेर राहूनही मी कराच्या दृष्टीने पक्का भारतीय निवासी. विवरणपत्र नेहमीसारखंच भरलं. हा योगायोग होता, मी काही ठरवून केलं नव्हतं. तुम्ही एप्रिलमध्ये निघणार असाल तर आधी सीएकडे जा, मग तिकीट काढा.

सगळ्यात जास्त रडवलं ओटीपीने. बँकेचा नंबर जुन्या सिमवर. रोमिंगवर एसएमएस कधी यायचा, कधी नाही. शेवटी तो फोन मार्चच्या फेरीत आईच्या हवाली केला. यूपीआय सिमला बांधलेलं असल्यामुळे माझ्या हातून ते गेलंच, पण निदान कार्ड आणि नेटबँकिंग चालू राहिलं. फक्त प्रत्येक व्यवहाराला सांगलीला फोन. आईने तोवर ओटीपी कुणाला सांगू नका ही कॉलर ट्यून इतक्यांदा ऐकली होती की तिचा माझ्या आवाजावरही विश्वास बसेना.

"थांब. आधी सांग, आपल्या मोत्याचा कुठला कान फाटका होता?"

"डावा. आई, तीन मिनिटांत जातो गं तो नंबर."

"चष्मा शोधतेय. हं, लिही. चार, सात, शून्य... का तो आठ आहे?"

असं करत लिस्बनचं भाडं भरलं. तिसऱ्या प्रयत्नात. निघायच्या आधी बँकेचं ईमेल ओटीपी किंवा ॲपमधली मंजुरी चालू होते का बघा. आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क तपासा. माझ्या पहिल्या कार्डाला साडेतीन टक्के होतं, ते चार महिन्यांनी लक्षात आलं.

दुसरी दुर्लक्षित वस्तू म्हणजे खुर्ची. भाड्याच्या घरांच्या फोटोत खिडकी असते, बाल्कनी असते, वाइनचे दोन ग्लास असतात. नऊ तास बसायचं ते लाकडी डायनिंग चेअरवर. दा नांगलाच कंबर धरली. त्यानंतर घरमालकाला पहिला प्रश्न खुर्चीचा फोटो पाठवा हाच. बरेच जण सोफ्याचा पाठवतात. तिबिलिसीत जुनी ऑफिसची खुर्ची विकत घेतली आणि जाताना खालच्या मजल्यावरच्या आजींना दिली. त्या ती अंगणात ठेवून अक्रोड फोडायला बसायच्या.

कामाचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात मागे समुद्र दिसला की मीटिंगची पाच मिनिटं "मजा आहे बुवा तुझी" मध्ये जायची. नंतर मी पार्श्वभूमी धूसर करून टाकली. तरी नाव पडलं ते पडलंच. अप्रेझलमध्ये 'उपलब्धता' ह्या सदरात शेरा मिळाला, वर्षभरात रोजची स्टँडअप मीटिंग एकदाही चुकवली नसताना. टपरीवर चहा पिताना जी माणसं आणि कामं वाटून घेतली जातात, तिथे मी नव्हतो. हे कुठल्याही वायफायने भरून निघत नाही.

27 ऑगस्टला गणेश चतुर्थीची सुट्टी होती. तरी सवयीने पहाटे जाग आली. लिस्बनमधल्या मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपासच्या दुकानांतून आदल्या दिवशी तांदळाचं पीठ, नारळ, गूळ आणला होता. उकड जमली, कळ्या जमल्या नाहीत. कुकरमध्ये वाफवायला ठेवले आणि तिकडे सांगलीत आरती सुरू झाली. आई फोन गणपतीपुढे उभा करून विसरली आणि पुढचा अर्धा तास मला फक्त समईची ज्योत आणि कुणाकुणाचे हात दिसत राहिले.

तो तीन लिटरचा कुकर मात्र वर्षभराची सगळ्यात चांगली खरेदी. प्रत्येक विमानतळावर बॅग उघडायला लावली त्याने. तिबिलिसीत आमटीत तिथली निळ्या फुलांची मेथी घालायचो, गोडा मसाला संपल्यावर. राजम्यासारखा लोबिओ त्यातच शिजायचा. त्याची रिंग लिस्बनमध्ये गेली, मोदकांच्या दिवशीच.

नवी रिंग गेल्या रविवारी तुळशीबागेतून आणली. मे महिन्यात पुन्हा जातोय, फक्त तिबिलिसी, 80 दिवस, त्याच गल्लीत. खालच्या आजींनी खुर्ची परत द्यायचं कबूल केलंय. आईला सांगितलं तर तिने विचारलं, तो फोन चार्ज करून ठेवू का आत्तापासूनच.