टॅक्स भरून देणारे 'काका' आणि फॉर्मवर आलेलं माझ्या आईचं नाव

न्यू जर्सीत राहतो, दोन मुलं, दोघेही नोकरी करतो. बायको एच-फोर ईएडीवर (एच-वन व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारं वर्क परमिट). हे लिहायला मला दीड वर्ष लागलं कारण लाज वाटत होती, पण परवा आमच्या ओळखीतल्या अजून एका जोडप्याने आमचं टॅक्स रिटर्न बिघडवणाऱ्या त्याच माणसाला कागद दिल्याचं कळलं, म्हणून आता लिहितोच.

सुरुवात २०२१ च्या रिटर्नपासून आहे. ते वर्ष वेगळं होतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहिलेलं नाही. कोविडमुळे सरकारने त्या एका वर्षापुरती डे-केअरच्या खर्चाची मर्यादा दोन मुलांसाठी १६,००० डॉलर केली होती आणि क्रेडिटचा, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणाऱ्या सवलतीचा, दर ५० टक्क्यांपर्यंत नेला होता. आम्हाला त्यातून चार हजारांच्या आसपास मिळाले. आम्ही धरूनच चाललो की आता दरवर्षी असंच. २०२२ मध्ये नियम परत जुन्यावर आला, म्हणजे एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० इतकाच खर्च धरायचा आणि आमच्यासारख्यांना त्याचे फक्त २० टक्के. आमचं डे-केअर दोघांचं मिळून महिन्याला २,६०० होतं, त्यामुळे खर्च दाखवायला भरपूर, पण मर्यादा ती मर्यादा.

त्यात अजून एक घोळ आमचा स्वतःचा होता. माझ्या कंपनीत मी डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून टॅक्स न लागता पैसे बाजूला ठेवायचं खातं) ५,००० टाकत होतो, आणि बायकोला जानेवारीत नवीन नोकरी लागली तेव्हा तिनेही तिच्या कंपनीत ५,००० निवडले. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी खाती, कुणीच अडवलं नाही. ५,००० ची मर्यादा माणशी नसते, सगळ्या घराला मिळून असते, हे आम्हाला माहीत नव्हतं. कंपनीला तुमच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्याचं काही दिसत नाही त्यामुळे ते सांगणार तरी कसे.

मार्च २०२३ मध्ये मी घरीच सॉफ्टवेअरवर आकडे टाकले. दोन्ही डब्ल्यू-टूच्या (कंपनी देते ते वर्षाच्या पगाराचं पत्रक) बॉक्स १० मध्ये, जिथे एफएसएची रक्कम येते, पाच-पाच हजार. सॉफ्टवेअरने जास्तीचे ५,००० उत्पन्नात धरले आणि क्रेडिट दाखवलं २०० डॉलर. ते बरोबरच होतं! सहा हजारांतून एफएसएचे टॅक्स-फ्री पाच हजार वजा, उरले एक हजार, त्याचे २० टक्के. पण गेल्या वर्षीचे चार हजार डोक्यात, मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं भरलं.

तेव्हा एका मित्राने या काकांचा नंबर दिला. साठीचे गृहस्थ, गणपतीच्या आरतीला पुढे असणारे, सगळ्यांना अरे-तुरे करणारे. फोनवरच म्हणाले, "अरे बाळा, ते सॉफ्टवेअरला काय कळतंय, दोन मुलं आहेत ना तुला, चाइल्ड क्रेडिट तर मिळतंच, आणि डे-केअरचंही पूर्ण ६,००० वर बसवतो." इथेच मी फसलो. चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणजे मुलामागे मिळणारे २,००० (आता २,२००) ही वेगळी गोष्ट, त्याचा एफएसएशी काही संबंध नाही, ते मिळणारच होतं. डे-केअरच्या खर्चाचं क्रेडिट वेगळं, आणि तेच एफएसएमुळे कमी होतं. काकांनी दोन्ही एका वाक्यात बोलून टाकलं आणि मला ते एकच वाटलं.

फी किती, तर रिफंडच्या १५ टक्के. रिफंड ४,६०० आला, मी ६९० डॉलर झेलने (बँकेच्या ॲपवरून) पाठवले. रिफंडच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्यापासून लांब राहा असं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, स्वतः सांगतं, हे मी नंतर वाचलं.

त्या वेळी खटकायला हव्या होत्या अशा गोष्टी आता एकेक आठवतात. त्यांनी माझा गेल्या वर्षीचा एजीआय (रिटर्नवरचा एकूण उत्पन्नाचा आकडा, काही वजावटींनंतरचा) मागितला, मला वाटलं तपासून बघत असतील. खरं तर तो आकडा ई-फाइल (ऑनलाइन रिटर्न) करताना लागतो तो स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्याला. पैसे घेऊन भरणारा माणूस तुमच्याकडून फॉर्म ८८७९ वर ई-फाइलच्या परवानगीची सही घेतो, स्वतःचा पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्याचा आयआरएस नंबर) टाकतो, सही करतो. आमच्या १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्न फॉर्मवर, खाली पेड प्रिपेअररची (पैसे घेऊन भरून देणाऱ्याची) सगळी जागा कोरी होती. म्हणजे सरकारी कागदावर हे काका नाहीतच, सगळं मीच भरलंय. मला त्यांनी फक्त पहिली दोन पानं पाठवली, डे-केअरच्या क्रेडिटचा फॉर्म २४४१ पाठवलाच नाही, आणि डे-केअरचा ईआयएन (संस्थेचा टॅक्स) नंबर त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता!! तो नंबर टाकल्याशिवाय २४४१ पूर्ण होत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआरएसचं पाकीट आलं, सीपी २००० नोटीस, म्हणजे तुमच्या रिटर्नचे आणि सरकारकडचे आकडे जुळत नाहीत अशी. काकांनी दोन्ही डब्ल्यू-टूचे बॉक्स १० कोरे सोडले होते. कंपनीने सरकारला पाठवलेल्या डब्ल्यू-टूमध्ये ते आकडे असतातच, त्यामुळे हे पकडलं जाणारच होतं. जास्तीच्या ५,००० वर आमच्या २२ टक्क्यांच्या हिशोबाने १,१०० आणि चुकीचं घेतलेलं क्रेडिट १,००० (घेतलं १,२००, हक्काचं २००), मिळून २,१०० डॉलर, आणि त्यावर एप्रिल २०२३ पासूनचं व्याज, ज्याचा दर त्या काळात ७ ते ८ टक्के होता. ही नोटीस आली तर घाबरून लगेच चेक लिहू नका, आणि ड्रॉवरमध्येही टाकू नका, ते बिल नसतं, प्रस्ताव असतो, साधारण ३० दिवसांत मान्य की अमान्य ते कळवायचं असतं. आमच्या बाबतीत आकडे बरोबर होते, आम्ही मान्य करून भरले.

काकांना फोन केला. आधी म्हणाले "असं कसं होईल", मग म्हणाले "रिटर्न तू भरलंयस, माझं नाव कुठे आहे बघ", आणि मग फोन उचलणं बंद.

इथपर्यंत पैशांचं दुःख होतं. पुढचं वाईट. एका सीपीए (इथली सीए) मैत्रिणीने सांगितलं की पूर्ण रिटर्नची कॉपी मागव, म्हणून फॉर्म ४५०६ भरून पाठवला, कॉपी यायला दोन महिन्यांवर गेले. त्यात फॉर्म २४४१ च्या पहिल्या भागात, मुलांना सांभाळणारी व्यक्ती म्हणून, माझ्या आईचं नाव होतं. पुढे कुठलातरी नऊ आकडी नंबर जो आईचा नाही, कारण आईकडे इथला कुठलाच नंबर नाही. आणि रक्कम ६,०००.

आई २०२२ मध्ये नातवंडांसाठी सहा महिने आली होती, व्हिजिटर व्हिसावर. मी काकांना गप्पांमध्ये बोललो असेन की आई आहे म्हणून बरं चाललंय. तेवढ्यावरून त्यांनी कागदावर लिहून टाकलं की या बाईने अमेरिकेत पैसे घेऊन काम केलं. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आयुष्यभर शाळेत शिकवून रिटायर झालेली माझी आई, तिला एक पैसा दिलेला नाही, आणि तिचं नाव माझ्या रिटर्नवर, माझ्या नावाने. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून २४४१ दुरुस्त केला, डे-केअरचं खरं नाव, खरा ईआयएन आणि वर्षाच्या पावत्या जोडून. (डे-केअरकडून फॉर्म डब्ल्यू-१० वर ही माहिती मागून घेता येते, देतात.) काकांची तक्रार फॉर्म १४१५७ वर केली. इमिग्रेशन वकिलाची फी वेगळी गेली, त्यांनी सांगितलं की दुरुस्तीची कॉपी आईसोबत कायम ठेवा.

आता हेच काका २०२६ साठी नवीन गोष्ट सांगत फिरतायत असं कळलं, एफएसए ७,५०० झालंय ते पूर्ण भरा आणि वर क्रेडिटही घ्या. मर्यादा ७,५०० झाली हे खरंय, पण क्रेडिटचा खर्च अजूनही दोन मुलांना ६,००० च धरतात. ७,५०० पूर्ण वापरले तर वजा करून काही उरतच नाही, आमचे ते २०० सुद्धा नाहीत. एकच मूल असेल तर ५,००० भरले तेव्हाही शून्यच होतं. आणि बायको किंवा नवरा एच-फोरवर ईएडीशिवाय घरी असेल, शिकत वगैरे नसेल, तर कमाई शून्य म्हणून एफएसएची सूटही नाही आणि क्रेडिटही नाही, त्यात कुणी "बसवून देतो" म्हणालं तर तो तुमच्या नावावर खोटं लिहिणार आहे.

मी हे सांगितल्यावर आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी आपापल्या पूर्ण कॉप्या मागवल्या. तिघांच्याही फॉर्मवर प्रिपेअररची जागा कोरी निघाली. एकाच्या २४४१ वर त्याच्या सासूबाईंचं नाव आहे.